लग्न मोडण्याचा हक्क तुझा, तिला उघडं पाडण्याचा नाही

आपल्याच समाजातल्या एका तरुणाने लिहिलेला स्वतःचा अनुभव गेल्या महिन्यात बऱ्याच जणांनी वाचला. मला तो तीन जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी 'डोळे उघडणारा लेख' म्हणून. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी हकीकत थोडक्यात सांगते. लेखकाची मंगनी झाली होती, निकाहची तारीख ठरायची होती. मुलीने स्वतःहून त्याला सांगितलं की कॉलेजात असताना तिचं एका मुलावर प्रेम होतं, दोन वर्षांनी ते संपलं, आणि त्या दिवसांत काढलेला एक छोटा टॅटू अजून तिच्या अंगावर आहे. लेखकाने आठ दिवस विचार केला, इस्तिखारा केला आणि नातं मोडलं. लेख या आठ दिवसांचा आहे. शेवटी तरुण मुलांना सल्ला आहे: निकाहच्या आधी विचारून घ्या. अंगावर काय आहे ते विचारा, आधी कोण होतं ते विचारा, गरज पडली तर तिच्या कॉलेजात चौकशी करा, कारण 'पाक' जोडीदार मागणं हा तुमचा हक्क आहे.

लेख वाईट लिहिलेला नाही. मुलगा रडलाय, त्याची झोप उडालीये, अम्मीला काय सांगायचं या विचाराने तो हैराण झालाय, आणि यातलं काहीही मला खोटं वाटलं नाही. म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटतं. नुसत्या शिव्या असत्या तर वाचून सोडून दिलं असतं.

त्याने लग्न मोडलं याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करते. निकाह हा करार आहे आणि तो दोन्ही बाजूंच्या 'कबूल'वर उभा राहतो. ज्याला 'कबूल' म्हणायचा हक्क आहे त्याला 'नाही' म्हणायचाही आहे, आणि त्यासाठी मोठं कारण लागत नाही. उद्या एखाद्या मुलीने 'मुलाचं बोलणं मला आवडलं नाही' म्हणून नकार दिला, तर मी तिच्याही बाजूने उभी राहीन.

माझं भांडण त्याच्या पुढचं आहे. आपल्या मनाला जे पटलं नाही त्याला त्याने दीनाचा हुकूम म्हटलं, आणि मग त्या मुलीचा भूतकाळ चारचौघांत नेऊन ठेवला. लेखात तिचं नाव नाही. पण कॉलेज आहे, वर्ष आहे, वडील काय काम करतात ते आहे, गाव आहे आणि टॅटूत कुठलं अक्षर आहे तेही आहे. ते तपशील मी इथे पुन्हा देणार नाही. असं लिहिल्याने काय होतं ते समजायला माझी कळंबोली पुरेशी आहे.

कळंबोली म्हणजे सिडकोची वसाहत, सेक्टरांत वाटलेली. पलीकडे लोखंड बाजार, ट्रकांच्या रांगा, आणि पुण्याकडे जाणारा एक्स्प्रेसवे इथूनच सुरू होतो. आमच्या ओळखीतली बरीच घरं सातारा-सांगलीकडून आलेली. घरात दखनी, दाराबाहेर मराठी. कुणाचे अब्बा लोखंड बाजारात माथाडी, कुणाचे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. अशा ठिकाणी 'अमुक सेक्टरची, बाप अमुक काम करतो, अमुक साली अमुक कॉलेजातून बी.कॉम. झालेली' एवढं सांगितल्यावर नावाची गरज कुणाला उरते? जुम्म्याच्या नमाजनंतर चपला शोधेपर्यंत नाव कळतं. दुसऱ्या दिवशी तिच्या धाकट्या बहिणीचं स्थळ परत जातं.

या विषयावर मी बोलायला आणखी एक कारण आहे. इथल्या एका त्वचेच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली मी लेझरच्या मशिनवर काम करते. टॅटू काढायला येणारी माणसं रोज पाहते. कुणाचीही गोष्ट सांगणार नाही, ती माझ्याकडे अमानत आहे. पण काम कसं चालतं ते सांगायला हरकत नाही, कारण 'काढून का नाही टाकला' हा प्रश्नही लेखात आहे, आणि तो फार सहज विचारलाय.

टॅटूची शाई त्वचेच्या वरच्या थरात नसते, त्याच्या खालच्या थरात असते. वरचा थर सतत झडून नवा येत असतो. शाई तिथे असती तर महिन्याभरात गेली असती. लेझरचा झोत सेकंदाच्या अब्जांश भागापुरता पडतो आणि शाईचा कण फोडून त्याचा चुरा करतो. तो चुरा मग शरीर हळूहळू वाहून नेतं. म्हणून दोन बैठकांमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं आणि एका टॅटूला सहा, आठ, कधी दहाही बैठका लागतात. म्हणजे वर्ष गेलंच. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी-निळी हट्टी असते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर पांढरट किंवा काळपट डाग राहण्याची भीती वेगळी. बधिर करणारं मलम लावूनही झोत पडताना रबरबँड तडकल्यासारखं लागतं, आणि जळलेल्या केसांसारखा वास येतो.

आता या हिशोबात ती मुलगी बसवा, जिचा निकाह दोन महिन्यांवर आलाय. 'तोवर जाईल का?' हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर देताना आवाज आपोआप खाली येतो. सोबत आई असते किंवा खाला. पैसे रोख, बिलावर नाव नको, फाइल नको. काही जणी आधी घरीच मीठ घासून आलेल्या असतात. टॅटू तसाच असतो आणि वर जखम. मुलंही येतात, भरपूर येतात. पोलिसात किंवा सैन्यात भरती व्हायचंय म्हणून येतात, नव्या नोकरीसाठी येतात. ट्रकवाले तर बाहीभर नावं घेऊन येतात. पण 'निकाह ठरलाय, होणाऱ्या बायकोने पाहिलं तर?' म्हणून घाबरलेला एकही मुलगा मला अजून भेटलेला नाही. कुणाचे अब्बा त्याला हाताला धरून घेऊन आलेत असंही कधी झालं नाही.

आता दीनाचं बोलू. मी आलिमा नाही. पण ज्या गोष्टी मदरशातली बारा वर्षांची मुलंही वाचतात त्या सांगायला आलिमा असावं लागत नाही.

गोंदवणाऱ्या आणि गोंदवून घेणाऱ्या बायकांवर लानत आहे अशी हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. सुन्नी उलेमांचं बहुमत टॅटूला हराम म्हणतं. शियांमध्ये आयतुल्ला सिस्तानींसारखे मोठे मुजतहिद त्याला मनाई करत नाहीत, पण लेखक सुन्नी आहे आणि मीही आहे, म्हणून बहुमताचीच बाजू धरून चालू. हज़रत अब्दुल्ला इब्न मसऊद यांच्याकडून आलेल्या त्याच हदीसमध्ये, त्याच दमात, चेहऱ्यावरचे केस उपटणाऱ्या आणि दात घासून फटी करणाऱ्या बायकांचाही उल्लेख आहे. कळंबोलीत कुठल्याही सेक्टरातल्या ब्यूटी पार्लरमध्ये ईदच्या आदल्या दिवशी जाऊन बघा, थ्रेडिंगची रांग जिन्यापर्यंत आलेली असते. त्यात आपल्या बहिणी असतात, लेखकाच्याही असतील. भुवया कोरल्या म्हणून कुणाची मंगनी मोडल्याचं मी ऐकलेलं नाही. हदीस तीच, रावी तोच. मग लानतीचा एक भाग विसरायचा आणि दुसऱ्यावर नातं तोडायचं, हे कसं? कारण भुवयांमागे कुठला मुलगा नसतो. म्हणजे राग टॅटूचा नाहीच, ज्याच्यासाठी तो काढला त्याचा आहे. तसं असेल तर तसं सांगावं, बुखारीला मध्ये आणू नये.

दुसरं, 'टॅटू असला की वजू होत नाही, म्हणजे तिची एकही नमाज झाली नाही' असं त्याने लिहिलंय. हे आपल्याकडे इतकं पसरलंय की कित्येक मुली त्याच भीतीने नमाज सोडून बसल्यात, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. शाई कातडीच्या आत आहे, वर नाही. पाणी कातडीला लागतं. नेलपॉलिशसारखा थर तिथे नसतो. टॅटूला हराम म्हणणारे उलेमाही वजू आणि नमाज होते असंच सांगतात. काढून टाकण्याबद्दल इमाम नववींनी सातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की काढताना अवयवाला इजा होण्याची किंवा दिसणाऱ्या जागी विद्रूप डाग राहण्याची भीती असेल तर काढणं बंधनकारक नाही, तौबा पुरे. लेझर यायच्या कितीतरी आधी एका फकीहला मुलीच्या कातडीची काळजी होती, आणि आज आपल्याला नाही.

माझ्या नानीच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते. सातारच्या बाजूच्या गावात, मैत्रिणींबरोबर जत्रेत गोंदणारणीपुढे बसून घेतलेले. पाच वेळची नमाजी बाई. उत्तर आफ्रिकेतल्या अमाझिग खेड्यांत आणि तुर्कस्तानातल्या कुर्द भागात तर अशा गोंदलेल्या चेहऱ्यांच्या मुस्लिम म्हाताऱ्या अजूनही दिसतात. नानी वारली तेव्हा तिला गुस्ल देणाऱ्या बाईने ठिपके पाहिलेच असतील. त्याबद्दल ती कधी कुणापाशी बोलली नाही. मय्यतीला गुस्ल देताना जे दिसेल ते झाकायचं, हे तिला शिकवलेलं होतं. मेलेल्या बाईला आपण एवढी अब्रू देतो. जिवंत मुलीला का देत नाही?

आणि आता ज्या बीबींची हकीकत या मुलाला कुणीतरी आधीच सांगायला हवी होती, त्या हज़रत अस्मा बिन्त उमैस. अगदी सुरुवातीला इमान आणलेल्यांपैकी. पती हज़रत जाफर बिन अबी तालिब यांच्याबरोबर त्यांनी हबशाला हिजरत केली आणि तिथून मदिनेला आल्या ते खैबरच्या वेळी. 'तुमच्या आधी हिजरत आम्ही केली' असं हज़रत उमर त्यांना म्हणाले, तेव्हा अस्मा चिडल्या आणि सरळ पैगंबरांकडे (स.) गेल्या, पैगंबरांनी (स.) त्यांच्या बाजूने सांगितलं की यांच्या तर दोन हिजरती आहेत. हेही बुखारीत आहे. जाफर मुताच्या लढाईत शहीद झाले. मग अस्मांचा निकाह हज़रत अबू बक्र यांच्याशी झाला, आणि त्यांच्या वफातनंतर हज़रत अली यांच्याशी.

कैस बिन अबी हाज़िम हे ताबिई सांगतात की ते वडिलांबरोबर हज़रत अबू बक्र यांच्या भेटीला गेले तेव्हा त्यांना अस्मांचा हात दिसला, आणि तो गोंदलेला होता. ही रिवायत इमाम तबरींनी दिली आहे आणि इब्न हजर यांनी 'फत्हुल बारी'त तिची सनद सही म्हटली आहे. तबरी पुढे म्हणतात की हे मनाईच्या आधीचं असणार, हातावर राहून गेलेलं. इब्न हजर आणखी शक्यता सुचवतात: कदाचित मनाई त्यांच्या कानी आली नसेल, कदाचित जुन्या जखमेवरच्या औषधाची खूण असेल. हे दोन थोर मुहद्दिस काय करताहेत ते बघा. मनाई ते कुठेही सैल करत नाहीत. पण समोर एका बाईचा गोंदलेला हात आहे, तर तिच्याबद्दल चांगलं गृहीत धरायला ते कारणं शोधताहेत. एक नाही, तीन. याला हुस्ने ज़न म्हणतात. आपल्या लेखकाने आठ दिवसांत एकही कारण शोधलं नाही.

त्याच हातांनी अस्मांनी पहिल्या खलिफांना शेवटचा गुस्ल दिला. मुवत्तात आहे: दिवस कडाक्याच्या थंडीचा होता, अस्मांचा रोजा होता, आणि काम आटोपल्यावर बाहेर येऊन त्यांनी हजर असलेल्या मुहाजिरांना विचारलं की आता मलाही गुस्ल करावा लागेल का. लोकांनी सांगितलं, नाही. हातावरच्या खुणेबद्दल कुणी काही बोलल्याची नोंद नाही.

शअबींची आणखी एक रिवायत आहे. अस्मा हज़रत अलींच्या घरी होत्या तेव्हा जाफरांचा मुलगा मुहम्मद आणि अबू बक्रांचा मुलगा मुहम्मद यांच्यात कुणाचा बाप चांगला यावरून वाद लागला. पोरांची भांडणं. अलींनी अस्मांनाच निवाडा करायला सांगितलं. त्यांनी दोघांनाही मान दिला: तरुणांत जाफरांहून चांगला पाहिला नाही आणि प्रौढांत अबू बक्रांहून. अलींनी विचारलं, मग आमच्यासाठी काय उरलं? आणि वर म्हणाले की तू याहून वेगळं बोलली असतीस तर मला आवडलं नसतं. बायको आधीच्या दोन नवऱ्यांचं कौतुक करतेय आणि नवरा ते ऐकून घेतोय. मर्दानगी अशीही असू शकते, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

इथे लगेच उत्तर येईल, आणि ते रास्त आहे: 'ते निकाह होते, कॉलेजातलं लफडं नव्हतं.' खरं आहे. निकाहबाहेरचं नातं इस्लाममध्ये गुनाह आहे, आणि ते गुनाह नाही असं दाखवायला मी अस्मा बीबींना पुढे करत नाहीये. आपल्या हजारो मुली जुन्या काळापासून तलाकशुदा, बेवा, मंगनी मोडलेल्या म्हणून 'वापरलेल्या' ठरवल्या जातात, त्या निकाहच करून आलेल्या असतात; त्यांना तरी हा समाज अस्मांची वागणूक देतो का, हे एकदा तपासून पाहा. आणि खऱ्या गुनाहबद्दलही दीन काय म्हणतो ते मुवत्तातच आहे. एका माणसाने बहिणीसाठी स्थळ आलं तेव्हा तिच्या हातून पूर्वी ज़िना झाल्याचं मागणी घालणाऱ्याला सांगून टाकलं. हज़रत उमरना कळलं. त्यांनी त्या भावाला मारलं, किंवा मारायच्या बेतात होते, आणि विचारलं की ही खबर द्यायची तुला गरज काय होती? ज्यांच्या कडकपणाचे दाखले आपण ऊठसूट देतो ते उमर हेच. तिथे तर भाऊ होणाऱ्या नवऱ्याला एकांतात सांगत होता. आपल्या भाईने लग्न मोडल्यावर, जिच्याशी आता कसलंच नातं नाही तिच्याबद्दल, अख्ख्या समाजाला सांगितलंय.

त्याने सूरह नूरमधली पाक बायका पाक मर्दांसाठी ही आयत दिली आहे. छापील कुरआनात तिच्या आधीचं पान उलटलं असतं तर बरं झालं असतं. हज़रत आयशा यांच्यावर मदिनेत बालंट आलं, लोक महिनाभर कुजबुजत राहिले, आणि मग त्यांच्या बाजूने ज्या आयती उतरल्या, त्या मालिकेच्या शेवटी ही सव्विसावी आयत येते. एका बाईबद्दल कुजबुज करणाऱ्यांची तोंडं बंद करायला आलेली आयत एका बाईबद्दल बोलायला वापरली गेली. त्याच सूरहमध्ये चार साक्षीदार न आणता पाकदामन बाईवर आरोप करणाऱ्याला ऐंशी कोडे सांगितलेत. नजर झुकवायचा हुकूमही आधी मर्दांना आहे, तिसाव्या आयतीत; बायकांची पाळी एकतिसाव्यात येते. आणि सूरह हुजुरातने दुसऱ्याची टेहळणी करायलाच मनाई केलीये. 'कॉलेजात जाऊन चौकशी करा' याला टेहळणीशिवाय दुसरा शब्द मला सापडत नाही.

'मी तिला माफ केलं' असं एक वाक्य लेखात आहे. बऱ्याच वाचकांना ते आवडलेलं दिसतं. मला समजलं नाही. तिने लेखकाचं काय बिघडवलं होतं? ती एकोणीस वर्षांची होती तेव्हा हा माणूस तिला ओळखतही नव्हता. तौबा अल्लाहकडे असते आणि माफी तिथूनच येते. मंगेतर हा काही त्यातला टप्पा नाही. याच लेखात स्वतःबद्दल एक ओळ आहे: कॉलेजात मीही 'एक-दोघींशी बोलायचो, पण हद्दीत'. स्वतःवर एक ओळ, तिच्यावर बाकी सगळा लेख. त्याची हद्द कुठे होती ते कुणी त्याला विचारलं नाही, त्या एक-दोघींच्या गावात जाऊन चौकशी केली नाही, आणि करूही नये.

बाईच्या आधीच्या नात्यावरून तिची किंमत ठरवणं ही फक्त आपल्या समाजाची खोड नाही. या देशातली कोर्टंही तेच करत होती. आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. १९६५च्या नोव्हेंबरमध्ये भिवंडीत एक पोलीस इन्स्पेक्टर रात्री वर्दीत एका मुस्लिम बाईच्या झोपडीत शिरला आणि तिच्याकडे शरीराची मागणी केली. तिने आरडाओरडा केला. खात्याची चौकशी झाली आणि त्याची नोकरी गेली. तो उच्च न्यायालयात गेला आणि जिंकला. कारण काय, तर बाईने परपुरुषाशी संबंध असल्याचं लपवलेलं नव्हतं, आणि अशा बाईच्या शब्दावर सरकारी अधिकाऱ्याचं आयुष्य धोक्यात घालणं बरं नव्हे. ती खरं बोलली, आणि तेच तिच्याविरुद्ध गेलं. हे वाचताना मला लेखातली मुलगी आठवत राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली तो निकाल फिरवला आणि सांगितलं की बाई बदनाम असली तरी तिच्या खासगीपणावर हक्क तिचाच आहे, कुणीही मनाला येईल तेव्हा त्यात घुसू शकत नाही. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर' हा खटला कायद्याच्या वर्गांत शिकवतात. भिवंडीच्या एका गरीब बाईच्या ओरडण्यातून हा हक्क आपल्याला मिळालाय, आणि आपल्या मुलींना ती माहीतही नाही.

त्या मधल्या काळात, १९७८ साली, मथुरा प्रकरणात हेच सर्वोच्च न्यायालय दोन पोलिसांना सोडून मोकळं झालं होतं. तिथेही त्या आदिवासी मुलीला 'सवय' होती का हे उगाळलं गेलं होतं. बायकांना रस्त्यावर उतरावं लागलं. बलात्काराच्या खटल्यात बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवू देणारं कलम रद्द व्हायला २००२ साल उजाडलं. आज बाईचे पूर्वीचे संबंध तिच्या संमतीच्या प्रश्नात गैरलागू आहेत असं कायदा सांगतो, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं. कोर्टाला जे शिकायला इतकी वर्षं लागली ते आपल्या दिवाणखान्यांत अजून पोहोचायचंय.

जाता जाता आपल्या पुरोगामी मित्रांशीही दोन शब्द. त्यातल्या काहींनी मुलीची बाजू घेतली, पण अशी: टॅटू म्हणजे स्वातंत्र्य, प्रेम म्हणजे बंड, तिने अभिमानाने मिरवावं. तिला विचारलं का कुणी? तिला कदाचित पश्चात्ताप असेल. कदाचित नसेल. कदाचित ते अक्षर आता तिला नुसतंच शाळेतल्या जुन्या वहीसारखं वाटत असेल. तिला शरमेचं उदाहरण करू नका, तसंच बंडाचंही करू नका. दोन्हीकडे ती दुसऱ्याच्याच कामाला येते.

विचारून घ्यावं हा सल्ला मला पूर्ण अमान्य नाही. विचारायच्या गोष्टी आहेतच. आधीचा निकाह झालाय का, झाला असेल तर तलाकचे कागद आहेत का? थॅलेसेमियाची तपासणी केली का? हे विशेषतः मामे-चुलत नात्यांत लग्न करणाऱ्यांनी विचारावं. एचआयव्हीची तपासणी दोघांनीही करावी, एकट्या मुलीने नाही. कर्ज किती, मेहर किती आणि कधी, लग्नानंतर नोकरीचं काय, आईवडील कुणाचे कुठे राहणार. या प्रश्नांची उत्तरं लपवली तर पुढे दोघांचं नुकसान होतं. सहा वर्षांपूर्वी संपलेल्या प्रेमाने पुढे काय बिघडतं? ज्याला ते सलत असेल त्याने स्वतःबद्दल आधी सगळं सांगून मग विचारावं. आणि उत्तर मिळालं तर ते स्वतःपाशी ठेवावं.

या लेखाचा परिणाम आत्ताच दिसतोय, माझ्या दवाखान्यात. एका आईने माझ्या समोर मुलीला सांगितलं, 'बघितलंस ना, त्या पोरीने सांगितलं आणि काय झालं ते? तू तोंड उघडायचं नाही.' लेखकाला निकाहआधी सत्य हवं होतं. त्याला ते न मागता मिळालं होतं. त्याचं त्याने जे केलं ते पाहून आता पुढच्या शंभर मुली खोटं बोलतील, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

भाई, आता थेट तुझ्याशी. वयाने मी तुझ्याहून थोडी मोठी असेन, म्हणून तू म्हणते. लेख काढून टाक असं मी म्हणत नाही. तुझं दुःख तुझं आहे, ते लिहायचा तुला हक्क आहे. पण त्यातून तिचं कॉलेज काढ, साल काढ, तिच्या अब्बांचं काम काढ, गाव काढ, ते अक्षर काढ. ज्यांना ज्यांना तू लेख पाठवलास त्यांना नवा पाठव आणि जुना पुढे पाठवू नका म्हणून सांग. चौकशीचा सल्लाही मागे घे. तिच्या घरी जाऊन माफी मागायला जाऊ नकोस, त्याने आणखी चार लोक दारात जमतील. आणि तुझ्या अम्मीने किंवा खालाने मंगनी का मोडली म्हणून कुणी विचारलं तर एवढंच सांगावं, की जमलं नाही.